बसच्या आधी डेपो, डेपोच्या आधी करार

वसई रोड स्थानकाबाहेर उभी असलेली परिवहन सेवेची बस सगळ्यांना पालिकेची वाटते. तिच्या अंगावर पालिकेचे नाव असते, तिकिटावरही तेच असते, आणि बस आली नाही की बोलही पालिकेलाच लागतात. पण आजच्या पद्धतीत अशी बस बहुधा ठेकेदाराच्या मालकीची असते. चालक ठेकेदाराच्या पगारावर असतो आणि दुरुस्तीही ठेकेदार करतो. पालिका विकत घेते ते किलोमीटर. बस इतके किलोमीटर धावली की इतके रुपये, असा हिशेब असतो. शहरे ई-बसकडे कशी वळतात हे समजून घ्यायचे तर सुरुवात या हिशेबापासून करायला हवी, कारण विजेवर चालणारी बस यशस्वी होते की डेपोत धूळ खाते, हे बॅटरीपेक्षा करारावर जास्त अवलंबून असते.

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावे तिच्यात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. आज ती त्याहून कितीतरी जास्त आहे हे सकाळच्या विरार लोकलमध्ये चढणाऱ्याला सांगावे लागत नाही. शहराचा आकारच असा की नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार या स्थानकांभोवती सगळे गोळा होते. पश्चिमेला अर्नाळा, आगाशी, निर्मळ, गिरीज, भुईगावच्या वाड्यांतली अरुंद वळणे, पूर्वेला महामार्गाकडे वालीव, सातिवलीच्या कारखान्यांचा पट्टा. बसचे काम एकच, माणसे स्थानकापर्यंत आणायची आणि परत घरी सोडायची. हे काम पूर्वी एसटी करत असे. पालिकेची परिवहन सेवा २०१२ मध्ये सुरू झाली. पुढे २०१७ मध्ये एसटीने इथल्या शहरी फेऱ्या थांबवायचे ठरवले तेव्हा पश्चिम पट्ट्यातल्या लोकांनी आंदोलने केली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. एखाद्या गावासाठी सकाळची बस काय असते, हे त्या वेळी सगळ्यांना दिसले. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलींना आणि भाजीच्या टोपल्या घेऊन बाजार गाठणाऱ्या बायकांना रिक्षा रोज परवडत नाही.

आता खरेदीकडे. पालिकेला गाडी हवी असते तेव्हा कागद एका ठरलेल्या वाटेने जातो. विभाग मागणी करतो, अंदाजपत्रकात तरतूद आहे का ते पाहिले जाते, प्रशासकीय मान्यता मिळते, निविदा निघते, निविदापूर्व बैठकीत कंपन्या शंका विचारतात, शुद्धिपत्रके निघतात. मग आधी तांत्रिक लिफाफा उघडतो आणि जे पात्र ठरतात त्यांचाच दराचा लिफाफा उघडतो. सर्वांत कमी दर देणाऱ्याशी वाटाघाट होते, स्थायी समितीची मंजुरी मिळते, आणि शेवटी कार्यादेश. छोट्या गाड्यांसाठी केंद्राचे जेम पोर्टल आहे, मोठ्या कामांसाठी राज्याचे ई-निविदा संकेतस्थळ. वसई-विरारमध्ये जून २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे प्रशासकांचा कारभार होता. त्या काळात स्थायी समिती आणि महासभेचे अधिकारही प्रशासकांकडेच होते. कागद लवकर हलत असेल, पण 'हा मार्ग का, तो का नाही' असे सभागृहात उभे राहून विचारणारे कोणी नव्हते. दहा-बारा वर्षांचे करार होतात त्या टप्प्यावर ही उणीव मला लहान वाटत नाही.

बस स्वतः विकत घेण्याचा मार्ग पालिकांनी आजमावून पाहिला आहे. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून देशभरच्या शहरांना बस मिळाल्या. सोलापूरला मिळालेल्या बसपैकी ९९ बसच्या चासीला तडे गेले, त्या डेपोत उभ्या राहिल्या आणि कंपनीशी वाद लवादापर्यंत गेला. गाडी मालकीची असली की तिच्यातला दोषही मालकाच्या गळ्यात येतो. दुसरा मार्ग असा की ठेकेदाराने बस आणायची, तिकिटाचे पैसे त्यानेच घ्यायचे आणि पालिकेला ठराविक रक्कम द्यायची. त्यात पालिकेची तिजोरी सुरक्षित राहते, पण ठेकेदार जिथे गर्दी तिथेच बस काढतो. दुपारी दोन वाजता अर्नाळ्याला जाणारी अर्धी रिकामी फेरी तो का करील?

म्हणून आज ई-बससाठी जवळपास सगळीकडे तिसरी पद्धत आहे, ग्रॉस कॉस्ट कॉन्ट्रॅक्ट. बेस्टमध्ये तिला वेट लीज म्हणतात. बस, चालक आणि देखभाल ठेकेदाराची. वाहक, मार्ग, वेळापत्रक आणि तिकिटाचे उत्पन्न सार्वजनिक संस्थेचे. ठेकेदाराला प्रत्येक किलोमीटरमागे ठरलेला दर मिळतो, बस भरलेली असो वा रिकामी. ई-बसला ही पद्धत सोयीची पडली याचे कारण तिच्या किमतीत आहे. बेस्टने २०२२ मध्ये १२ मीटर लांबीच्या २,१०० ई-बसचे कंत्राट दिले, तेव्हा १२ वर्षांच्या करारातल्या बसची किंमत ३,६७५ कोटी रुपये सांगितली गेली. म्हणजे एका बसमागे पावणेदोन कोटी. इतके पैसे एकदम काढायची ताकद फार थोड्या पालिकांत आहे. चालवण्याचा खर्च मात्र उलटा आहे. मोठी वातानुकूलित डिझेल बस एका लिटरमध्ये जेमतेम अडीच-तीन किलोमीटर जाते, ई-बसला तेवढ्याच आकारात किलोमीटरला साधारण एक ते सव्वा युनिट वीज लागते. डिझेल लिटरला ९० रुपये धरले तर किलोमीटरला इंधनाचे तीस ते छत्तीस रुपये, विजेचे दहाच्या आसपास. सुरुवातीला महाग आणि पुढे स्वस्त असलेली ही वस्तू कोणीतरी कर्ज काढून आणायची आणि पालिकेने ती किलोमीटरच्या हप्त्याने फेडायची, असा हा व्यवहार आहे.

केंद्राच्या कन्व्हर्जन्स एनर्जी सर्व्हिसेस लिमिटेड या कंपनीने २०२२ मध्ये कोलकाता, दिल्ली, बेंगळुरू, हैदराबाद आणि सुरत या पाच शहरांची मागणी एकत्र करून ५,४५० ई-बसची निविदा काढली. १२ मीटरच्या बसला किलोमीटरमागे ४३ रुपये ४९ पैसे आणि ९ मीटरच्या बसला ३९ रुपये २१ पैसे असे दर आले. त्या वेळी ते डिझेल बसच्या खर्चापेक्षा बरेच खाली होते. शहरे एकत्र आली की दर उतरतो, हे त्यातून सिद्ध झाले. एकट्या पालिकेने चाळीस-पन्नास बसची निविदा काढली की मोठ्या कंपन्या फिरकत नाहीत आणि येणाऱ्या एक-दोघांचा दर चढाच असतो. ठाणे, मीरा-भाईंदर, वसई-विरार या शेजाऱ्यांनी गरज एकत्र करून एकच निविदा काढायला काय हरकत आहे, हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा पडतो.

कराराच्या कागदात सगळ्यांत काळजीपूर्वक वाचायचे कलम किमान हमी किलोमीटरचे. ठेकेदाराचे कर्ज रोज फेडायचे असते, म्हणून तो विचारतो, रोज किमान किती किलोमीटर धावायला देणार? समजा पालिकेने ४० बस घेतल्या, दर ४५ रुपये ठरला आणि दिवसाला १८० किलोमीटरची हमी दिली. आता संध्याकाळी वसई-नालासोपारा रस्त्यावरून जाणारी बस डोळ्यांसमोर आणा. उड्डाणपुलाच्या तोंडाशी, स्थानकाबाहेर रिक्षांच्या गर्दीत ती रखडते. पाळी संपते आणि तिचे १४० किलोमीटरच झालेले असतात. न धावलेल्या ४० किलोमीटरचेही काही टक्के पैसे करारानुसार द्यावे लागतात. निम्मा दर धरला तर एका बसमागे रोज ९०० रुपये, चाळीस बसमागे ३६ हजार, वर्षाला १ कोटी ३१ लाख. हे पैसे एकाही प्रवाशाला एक पाऊल पुढे न नेता जातात. उलट हमी फार कमी ठेवली तर ठेकेदार तोच धोका दरात घालतो. म्हणून निविदा लिहिण्याआधी प्रत्येक मार्गावर बस वेगवेगळ्या वेळी चालवून खरा वेग मोजावा लागतो. डेपोपासून पहिल्या थांब्यापर्यंतची रिकामी धाव, म्हणजे डेड किलोमीटर, तेही त्यात धरावे लागतात. डेपो शहराच्या एका टोकाला असेल तर बारा वर्षे रोज त्याचा भुर्दंड बसतो.

पैसा येतो कुठून, हे दुसरे कलम. वसई-विरारचे नाव राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत आहे, आणि पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरच्या शहरांना हवा सुधारण्यासाठी जे अनुदान ठेवले त्यातही हे शहर बसले. इथल्या ई-बसच्या मागे हाच निधी आहे. पण अनुदान एकदा येते आणि प्रामुख्याने वस्तू उभी करण्यासाठी येते. किलोमीटरचे बिल दर महिन्याला येते. समजा तिकिटातून किलोमीटरला २५ रुपये मिळाले आणि खर्च ४५ आहे, तर चाळीस बस रोज दीडशे किलोमीटर धावल्यावर दिवसाची तूट १ लाख २० हजार, वर्षाची जवळपास ४ कोटी ३८ लाख. ती मालमत्ता करातून भरावी लागते. यात गैर काही नाही. रस्ते आणि दिवेही त्याच पैशांतून होतात. मात्र अंदाजपत्रकात ही तूट पहिल्याच वर्षी स्पष्ट लिहिलेली असावी. ती लपवली की बिल थकते, बिल थकले की चालकांचा पगार थकतो, आणि एका सकाळी बसच डेपोतून निघत नाहीत. पगार थकला म्हणून ठेकेदारांच्या कर्मचाऱ्यांनी बंद केलेले काम आणि उन्हात थांब्यावर ताटकळलेले प्रवासी वसई-विरारने पाहिले आहेत.

या थकबाकीची भीती दिल्लीपर्यंत पोहोचली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत १६९ शहरांना १० हजार बस द्यायचे ठरले. एकूण खर्च ५७,६१३ कोटी, त्यात केंद्राचा वाटा २० हजार कोटी, आणि बस चालवायला दहा वर्षे मदत. शहराने पैसे थकवले तर राज्याच्या खात्यातून ते थेट वळते करून घेता यावेत, असे संमतिपत्र त्यासाठी राज्यांकडून मागितले गेले. २०२४ मध्ये याच विचाराने ३,४३५ कोटींची स्वतंत्र पैसेहमी योजना आली. बसचे उत्पादक आणि बँका विचारतात तो पहिला प्रश्न 'बस किती चांगली' हा नसून 'पैसे कोण देणार' हा आहे, असाच याचा अर्थ. त्याआधी, १ ऑगस्ट २०१९ पासून, विजेच्या गाड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि स्थानिक संस्थांनी भाड्याने घेतलेल्या, बारापेक्षा जास्त प्रवासी नेणाऱ्या ई-बसना त्यातून सूट मिळाली. ही सवलत दिसायला किरकोळ, पण किलोमीटरच्या दरात तिचा फायदा रोज मिळतो.

दर कमी आला म्हणून आनंद मानायचा नाही, हे एसटीने शिकवले. तिने २०२३ मध्ये ५,१५० ई-बस भाड्याने घेण्याचे ठरवले. बस इतक्या संथ गतीने आल्या की मे २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी तो करार रद्द करण्याचे निर्देश दिले. आणि ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात बेस्टच्या ताफ्यातली भाड्याची ई-बस गर्दीत घुसून माणसे दगावली. चालकाला या मोठ्या, गिअर नसलेल्या बसचे पुरेसे प्रशिक्षण मिळाले होते का, हा चौकशीतला कळीचा मुद्दा ठरला. ई-बस पायाखालच्या पेडलला डिझेल बसपेक्षा फार चटकन उसळून प्रतिसाद देते. प्रशिक्षणाचे दिवस किती, ते कोण तपासणार आणि तपासल्याशिवाय चालकाला बसवले तर दंड किती, हे करारात लिहिलेले नसेल तर चालक स्वस्तात मिळतो आणि किंमत रस्त्यावरचा माणूस मोजतो.

आता डेपो. माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे. डिझेल बस पंपावर दहा मिनिटांत टाकी भरून निघते. ई-बसचा दिवस आदल्या रात्रीच ठरतो. चाळीस बस प्रत्येकी दीडशे किलोमीटर धावून रात्री अकराच्या सुमारास परतल्या आणि पहाटे पाचला पुन्हा निघायच्या आहेत असे धरा. किलोमीटरला एक युनिट म्हटले तरी सहा हजार युनिट आणि चार्जिंगमधली गळती धरून साडेसहा हजारांच्या वर. सहा तासांत एवढी वीज भरायची तर सतत अकराशे किलोवॅटचा भार लागतो. याला साधी जोडणी चालत नाही. महावितरणची उच्चदाब जोडणी, डेपोचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, केबलसाठी रस्ते खोदण्याची परवानगी, हे सगळे बसच्या आधी व्हावे लागते आणि त्याला महिने लागतात. २४० किलोवॅटचे दोन गनचे पाच चार्जर बसवले तर एका गनला रात्रीत चार बस, दर बसला दीड तास. म्हणजे रात्री दोन वाजता, साडेतीन वाजता डेपोत कोणीतरी जागे राहून भरलेली बस बाजूला काढायची आणि पुढची गनला लावायची. हे शंटिंगचे काम कागदावर कोणाच्या लक्षात येत नाही. एक गन बिघडली की पहाटेच्या चार बस उशिरा. आणि वीज दोन तास गेली तर चार्जिंगचा एक तृतीयांश वेळ गेला, तेरा बसचा पहिला फेरा गेला.

वसईकरांना पावसाळ्यातली वीज माहीत आहे. जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, मिठागरात माणसे अडकली आणि अनेक भाग अंधारात होते. इथली जमीन सखल, खाडी जवळ, हवा खारी. बसची बॅटरी पाणी रोखण्यासाठी बंदिस्त असते. चार्जर आणि ट्रान्सफॉर्मर मात्र पूररेषेच्या वर, उंच जोत्यावरच असले पाहिजेत. दुसऱ्या वीजवाहिनीवरून पर्यायी पुरवठा हवा. आणि मुळात जागा हवी. विकास आराखड्यात आरक्षणे असतात, पण आरक्षित भूखंडांचे काय होते ते नालासोपारा पूर्वेच्या ४१ इमारतींच्या प्रकरणाने दाखवले. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर त्या उभ्या राहिल्या आणि न्यायालयाच्या आदेशाने पाडाव्या लागल्या. भरडली गेली ती घरे घेणारी कुटुंबे. डेपोची जागा आज कुंपण घालून ताब्यात ठेवली नाही तर उद्या ती नसेल. पुण्यात पीएमपीएमएलने फेब्रुवारी २०१९ मध्ये ९ मीटरच्या पहिल्या २५ ई-बस उतरवल्या, त्या भेकराईनगर आणि निगडीच्या डेपोंत चार्जिंगची सोय उभी करून. चीनमधल्या शेन्झेनने २०१७ च्या अखेरीस १६ हजारांवर बसचा सगळा ताफा विजेवर आणला, तिथेही चार्जिंगच्या जागांचे जाळे बसबरोबरच विणले गेले.

बसच्या चर्चेत पालिकेचा उरलेला ताफा विसरला जातो. खरे तर विजेला सगळ्यांत शोभणारी गाडी घंटागाडी आहे. ती गल्लीबोळात हळू चालते, पन्नास पावलांवर थांबते, दिवसात फार अंतर कापत नाही आणि दुपारी रिकामी उभी असते. असे थांबत-चालत जाणे डिझेल इंजिनाला सर्वांत वाईट. विजेच्या गाडीत ब्रेक लावताना थोडी ऊर्जा बॅटरीत परत येते आणि थांबली की ती काहीच खात नाही. धूर थेट सफाई कामगाराच्या तोंडावर येतो, तोही थांबतो. मला विचाराल तर पालिकेने बसच्या बरोबरीने इथे हात घालावा. कचरा दाबून नेणाऱ्या मोठ्या कॉम्पॅक्टरचे तसे नाही. दाबण्याचे यंत्रही बॅटरीवरच चालते आणि गोखिवऱ्याच्या कचराभूमीपर्यंत भरलेली गाडी न्यायची असते; तिथे आधी एक-दोन गाड्या चालवून पाहाव्यात. अग्निशमन दलाचे बंब आणि पुरात लागणारी यंत्रे तूर्त डिझेलवरच राहू द्यावीत, कारण वीज गेलेल्या रात्रीच त्यांची गरज पडते. अधिकाऱ्यांच्या मोटारींना तर सबबच नाही. राज्य सरकारने १ जानेवारी २०२२ पासून सरकारी आणि स्थानिक संस्थांसाठीची नवी वाहने विजेवरचीच घ्यायची असे ठरवले होते.

घाई करायचे आणखी एक कारण आहे. केंद्राच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे झालेल्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही, आणि यात महापालिका व परिवहन उपक्रमही आले. पालिका स्थापन झाली त्या २००९-१० च्या सुमाराच्या गाड्या २०२४-२५ मध्ये या मर्यादेला पोहोचल्या. त्यांच्या जागी काय घ्यायचे हा निर्णय आता दरवर्षी येत राहणार. आज पुन्हा डिझेलची गाडी घेतली तर ती पुढची पंधरा वर्षे धूर सोडत राहील.

हवेबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्या शहरातल्या धुळीचा मोठा भाग रस्त्यांतून आणि बांधकामांतून येतो. चाळीस ई-बसनी तो हटणार नाही. बसने हवा सुधारते ती माणसे दुचाकी आणि रिक्षा सोडून तिच्यात बसली तर. त्यासाठी बस दर दहा मिनिटांनी यावी लागते, आणि पश्चिमेच्या गावरस्त्यांवर १२ मीटरची नव्हे, ९ किंवा ७ मीटरची यावी लागते. अनुदान 'बस किती' यावर मोजले जाते, म्हणून शहरे मोठ्या आकड्याच्या मागे लागतात. रोज प्रत्यक्षात किती फेऱ्या झाल्या, किती रद्द झाल्या, ठेकेदाराला किती दंड केला, हे आकडे दर महिन्याला परिवहन विभागाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लागले पाहिजेत. बसमध्ये जीपीएस असतेच आणि बिल त्याच नोंदीवर निघते, तेव्हा माहिती पालिकेकडे असते. निविदा व करार माहितीच्या अधिकारात मागता येतात, आणि कोणत्याही नागरिकाने मागावेत.

आणि एक कलम शेवटच्या पानांवर असते ते आधी वाचावे. ई-बसच्या बॅटरीची क्षमता साधारण सात-आठ वर्षांत इतकी उतरते की बस ठरलेले अंतर एका चार्जमध्ये कापू शकत नाही. करार दहा-बारा वर्षांचा असतो. म्हणजे मधेच कधीतरी प्रत्येक बसला नवी बॅटरी लागणार, आणि बसच्या किमतीतला सर्वांत मोठा हिस्सा तीच असते. क्षमता कोणत्या टक्क्याखाली गेली की ती बदलायची, मोजणार कोण, ठेकेदार की त्रयस्थ संस्था, आणि बदलेपर्यंत कमी धावलेल्या किलोमीटरची हमी लागू राहणार की नाही, हे तिथे लिहिलेले असले पाहिजे. जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकावर टाकली आहे. त्याआधी ती काही वर्षे डेपोतच ठेवून दुपारची सौरवीज तिच्यात साठवता येते आणि रात्री त्याच बसना देता येते. तशी मुभा ठेवायची असेल तर ते वाक्य निविदेत आजच घालावे लागेल.